भेटू रे एकदा

आमच्या फॅमिली ग्रुपवर सध्या जोरात वाद चालू आहे. मावसबहिणीने ऑनलाईन ओळख झालेल्या चार मुलींबरोबर सिंहगडला जायचं ठरवलं आणि झालं, "ओळख ना पाळख, अशी कुठे मैत्री असते का". काळजी बरोबरच आहे, पहिली भेट गर्दीत करावी, घरी सांगून जावं, पण रविवारी सिंहगडावर लक्ष्मी रोडएवढी गर्दी असते हो!

मी म्युनिकमधून हे वाचतोय. माझा सगळ्यात जवळचा मित्र ऑर्कुटवर मिळालेला. २००८ पासून आम्ही जुन्या गाण्यांवरून भांडायचो, २०१४ ला ऑर्कुट बंद पडलं तेव्हा व्हॉट्सॅपवर आलो आणि त्याच डिसेंबरात सुट्टीवर पुण्याला आलो असताना वैशाली हॉटेलात भेटायचं ठरलं. बाहेर वेटिंगला नाव देऊन उभा होतो तर समोरून कानटोपी घातलेले काका आले, बाबांच्याच वयाचे असतील. सहा वर्षं ज्याला "तुला गाण्यातलं घंटा कळत नाही" म्हणत होतो तो हा! तोंडातून आपोआप "अहो" निघालं, तर म्हणाले, "गाढवा, परत अहो म्हणालास तर बिल तू भर." एसपीडीपी (शेव-बटाटा-दही-पुरी) येईपर्यंत मधेच तू, मधेच तुम्ही चाललं होतं. जर्मनांचं बरंय, वयाने मोठा माणूस स्वतःच "आपण डू म्हणू" (डू म्हणजे तू) म्हणतो आणि विषय संपतो.

पहिली भेट कोणीही करतं हो, उत्सुकता असते. गाडी अडते ती दुसऱ्या भेटीला, कारण आपल्याकडे "भेटू रे एकदा" म्हणजे निरोप असतो. माझ्याच शाळेतले दोघं, एक कोथरूडला एक खराडीला, ट्रॅफिकच्या नावाने वर्ष वर्ष भेटत नाहीत, ग्रुपवर रोज गुड मॉर्निंग टाकतात, मग ऑनलाईन मित्र नक्की कोण? इथला कलीग साध्या कॉफीसाठी तीन आठवडे आधी कॅलेंडर उघडतो, मी जाम हसायचो, पण तारीख पडली की बर्फ पडो काही होवो, तो येतोच. तेच काकांबरोबर केलं, डिसेंबरचा तिसरा शनिवार, सकाळी आठ, वैशाली. मागच्या वर्षी मला रजा मिळाली नाही तर ते आईकडे जाऊन चहा पिऊन आले आणि माझ्या कॅसेट घेऊन गेले.

हे सगळं मावशीला फोनवर सांगितलं. म्हणाली, "आधी त्या कॅसेट परत माग."