‘त्या मशीनला हात लावू नका’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

एकच मेसेज महिन्याभरात तीन ग्रुपांवर आला. तिन्ही वेळा खाली वेगळ्याच डॉक्टरांचं नाव. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: स्टेशनवर, मॉलमध्ये, ऑफिसात भिंतीवर टांगलेल्या शॉकच्या मशीनला, म्हणजे एईडीला, सामान्य माणसाने हात लावू नये. चालत्या हृदयाला शॉक बसला तर माणूस जागीच जातो. अँब्युलन्स येईपर्यंत रुग्णाला हात न लावता थांबावं. हात लावला आणि तो दगावला तर केस तुमच्यावर. रक्त वाहत असेल तर पट्टा आवळू नका, हातपाय कापावा लागतो. आणि एरवीही या प्रथमोपचार पेट्या म्हणजे तपासणीच्या दिवसापुरती शोभा.

शेवटच्या वाक्यात दम आहे. त्याकडे येतेच. आधी बाकीचं.

चालत्या हृदयाला चुकून शॉक बसेल ही भीती मशीन कधी उघडून न पाहिलेल्याची आहे. झाकण उघडलं किंवा बटण दाबलं की एईडी बोलायला लागतं. दोन चिकटपट्ट्या असतात. एक उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरी डाव्या बाजूला काखेखाली बरगड्यांवर. कुठे लावायची त्याचं चित्र पट्टीवरच छापलेलं असतं. मग मशीन म्हणतं, रुग्णाला स्पर्श करू नका, आणि हृदयाचे ठोके तपासतं. हृदय नुसतं थरथरत असेल, ज्याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात, किंवा जीवघेण्या वेगाने धावत असेल, तरच ते शॉकसाठी चार्ज होतं. नाहीतर सरळ सांगतं, शॉकची गरज नाही. मग तुम्ही बटण कितीही दाबा. सिनेमात पडद्यावर सरळ रेष आली की डॉक्टर शॉक देतात आणि नायक उठून बसतो. खऱ्या आयुष्यात सरळ रेषेवर शॉक देतच नाहीत, तिथे छाती दाबत राहणं हाच उपाय.

हे मशीन बनवणाऱ्यांच्या जाहिरातीतलं नाही. उत्तर अमेरिकेत शेकडो इमारतींमध्ये प्रशिक्षित स्वयंसेवकांवर झालेला मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. जिथे नुसतं सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, शिकवलं होतं तिथे हृदय बंद पडलेल्या १०७ पैकी १५ जण वाचले. जिथे सोबत एईडीही दिलं होतं तिथे १२८ पैकी ३०. आणि गरज नसताना बसलेले शॉक? एकही नाही. चुका होऊ शकतात त्या साध्या असतात: छाती ओली राहणं, शॉकच्या क्षणी कुणीतरी रुग्णाला धरून असणं. म्हणून तर बऱ्याच मशीनांसोबत कात्री, वस्तरा आणि पुसायचं कापड ठेवलेलं असतं. छातीवर औषधाची पट्टी असेल तर ती काढून टाकायची, एवढंच.

आता ‘सामान्य माणूस’. शिकागोच्या विमानतळांवर अशी मशीनं मोक्याच्या जागी लावली गेली, एका मशीनपासून दुसऱ्यापर्यंत चालत मिनिट-दीड मिनिट लागेल अशी. दोन वर्षांत हृदय थरथरून कोसळलेले १८ जण होते, त्यातले ११ वाचले. त्या अकरांपैकी सहा जणांना वाचवणाऱ्यांनी एईडी आधी कधी वापरलंच नव्हतं (त्यांच्यातले तिघे वैद्यकीय पदवीधर होते, हे लपवायचं कारण नाही). त्याच सुमारास १९९९ साली सहावीतल्या पंधरा मुलांना पुतळ्यावर एईडी वापरायला दिलं. त्यांना शॉकपर्यंत पोचायला सरासरी ९० सेकंद लागले, सराईत आपत्कालीन कर्मचाऱ्यांना ६७. फरक २३ सेकंदांचा. प्रशिक्षण नको असं मी म्हणत नाही, जरूर घ्यावं. पण ते नाही म्हणून हात बांधून उभं राहणं हा शहाणपणा नव्हे.

कारण थांबण्याची किंमत माहीत आहे. सीपीआर न मिळता गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घसरते. अँब्युलन्स कितीही तत्पर असली तरी फोन, रस्ता, गेट, लिफ्ट आणि मग तिसरा मजला हे सगळं तिला पार करावंच लागतं. अमेरिकेतल्या कॅसिनोंमध्ये सुरक्षारक्षकांना एईडी दिलं होतं. तिथे कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत शॉक मिळालेल्यांपैकी ७४ टक्के वाचले. उशीर झालेल्यांत ते प्रमाण ४९ टक्क्यांवर आलं. २०२१ च्या युरो फुटबॉल स्पर्धेत कोपनहेगनच्या मैदानावर डेन्मार्कचा खेळाडू ख्रिस्तियन एरिक्सन कोसळला, तेव्हा त्याला तिथेच सीपीआर आणि शॉक मिळाला, म्हणून पुढच्या वर्षी तो पुन्हा खेळताना दिसला. ‘हात लावू नका’ ही सूचना मणक्याच्या दुखापतीची आहे, ती उचलून इथे चिकटवलीय. माणूस प्रतिसाद देत नाही, श्वास थांबलाय किंवा माशासारखी अधूनमधून धाप लागतेय, तर ती धाप म्हणजे श्वास नव्हे. एकाने अँब्युलन्स बोलवायची, दुसऱ्याने छाती दाबायला घ्यायची, तिसऱ्याने मशीनकडे पळायचं.

केसची भीती? कायदे देशागणिक वेगळे आहेत, पण कल सगळीकडे मदत करणाऱ्याच्या बाजूचा. कॅलिफोर्नियाने १९५९ मध्येच असा कायदा केला, भारताने २०१९ मध्ये रस्ते अपघातात मदत करणाऱ्यांसाठी केला. जर्मनीत तर शक्य असून मदत न करणं हाच गुन्हा आहे.

पट्ट्याचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ही भीती डॉक्टरांमध्येही बरीच वर्षं होती. जखमेवर घट्ट दाब हा पहिला उपाय, आणि बहुतेक वेळा तोच पुरतो. पण हातापायातून रक्त उसळतंय आणि दाबूनही थांबत नाही, तेव्हा टुर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला आवळायचा पट्टा, हवंच. जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत आवळायचं, दुखलं तरी. बांधल्याची वेळ त्यावरच लिहायची आणि नंतर आपण सोडायचं नाही. इराकच्या युद्धात अशा शेकडो पट्ट्यांचा अभ्यास झाला आणि केवळ पट्ट्यामुळे हातपाय गमावल्याचं आढळलं नाही. अवयव दगावण्याचा धोका साधारण दोन तासांनंतर वाढत जातो. मोठी धमनी तुटलेला माणूस काही मिनिटांत जातो. (साप चावला तर मात्र काहीही आवळायचं नाही. तो निराळा विषय.)

आणि आता शोभेच्या पेट्या. हा मुद्दा मेसेजवाल्याला मी पूर्ण देऊन टाकते. मी काम करते तिथे एकदा सहकाऱ्याचा तळवा कटरने उभा चिरला. पेटीला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. स्क्रूड्रायव्हरने उचकटली तर आत पिवळी पडलेली बँडेजची गुंडाळी, तळाशी वाळून बसलेलं जंतुनाशक, डोकेदुखीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट आणि कुणाचा तरी मोबाइल चार्जर. शेवटी त्याचा तळवा माझ्या ओढणीने दाबून धरला.

पण यावरून पेटी नको हे कसं निघतं? कुलूप नको, एवढंच निघतं. एईडीच्या चिकटपट्ट्यांवरचं जेल दोन-चार वर्षांत वाळतं, बॅटरी संपते. म्हणून पाकिटावर तारीख असते आणि बाहेरून दिसेल असा दिवा किंवा खूण असते. ती बघायला पाच सेकंद लागतात, फक्त बघणाऱ्याचं नाव ठरलेलं हवं.

आमच्याकडे त्या प्रकारानंतर कुलूप गेलं, तिथे कागदी सील आलं. दर सोमवारी रिसेप्शनवरची मुलगी पेटी बघून वहीत सही करते. मागच्या आठवड्यात सील तुटलेलं होतं, आणि वहीत कुणीतरी घाईघाईत लिहिलं होतं: ‘दोन गॉझ, एक हातमोजा जोडी, दुसरा मजला, बोट दारात सापडलं.’