महाराष्ट्र ओपन टेनिस स्पर्धेविषयी फिरणाऱ्या मजकुराबाबत खुलासा

रत्नागिरी, चिपळूणच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय: 'पुण्याची महाराष्ट्र ओपन १९९६ पासून बालेवाडीत गवतावर खेळली जायची, नदालने ती तिथेच जिंकली.' आपल्याकडची टेनिस शिकणारी मुलंही तो पुढे पाठवत आहेत, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

१९९६ हे साल तेवढं खरं. पण ती पहिली स्पर्धा दिल्लीत झाली आणि थॉमस एन्क्विस्टने जिंकली. १९९७ ते २०१७ ती चेन्नईत होती. या एकवीस वर्षांचं श्रेय चेन्नईलाच द्यायला हवं. स्वित्झर्लंडच्या वावरिंकाने तिथे चारदा एकेरी जिंकली. आपला सोमदेव देववर्मन २००९ मध्ये वाइल्ड कार्डवर (आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर) येऊन थेट अंतिम फेरीत गेला, हे तर प्रत्येक मुलाला सांगावं असं आहे. नदालचं विजेतेपदही चेन्नईतलंच, २००४ चं, आणि तेही रोब्रेडोबरोबर दुहेरीत. एकेरीत तो २००८ च्या अंतिम सामन्यात यूझ्नीकडून ६-०, ६-१ असा हरला.

पुण्यात ही स्पर्धा २०१८ मध्ये आली. कोर्ट गवताचं नव्हतं, हार्ड कोर्ट, म्हणजे कडक पक्क्या पृष्ठभागाचं होतं. २०१९ ला केव्हिन अँडरसनने कार्लोविचला हरवलं, तिन्ही सेट टायब्रेकरवर (६-६ बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमवर)! त्याच वर्षी दुहेरी बोपण्णा आणि दिविज शरणने जिंकली. २०२१ ला कोरोनामुळे खंड पडला. २०२३ ची स्पर्धा शेवटची, विजेता टॅलन ग्रीकस्पोर.

मजकूर पुन्हा आला तर कृपया ही दुरुस्ती त्याखाली टाका.