दोष वाइनचा नाही
लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या अपग्रेडनंतर जुने विंडोज प्रोग्रॅम उघडत नाहीत, याचा दोष तुमच्या लेखात सरळ वाइन या सॉफ्टवेअरवर टाकलाय. ते पटलं नाही. वाइन विंडोजची बोली लिनक्सला कळेल अशी करून देते. पण ३२-बिट, म्हणजे जुन्या धाटणीच्या प्रोग्रॅमसाठी तिला सिस्टीमच्या ३२-बिट लायब्रऱ्या (प्रोग्रॅम वापरतात ते तयार कोडचे संच) लागायच्या. जून २०१९मध्ये उबुंटू या लिनक्सच्याच एका प्रकाराने नेमक्या त्याच काढायचं जाहीर केलं. वाइनवाल्यांनी आणि स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानवाल्यांनी आवाज उठवला, तेव्हा कुठे आठवड्याभरात निवडक लायब्रऱ्या ठेवायचं ठरलं. मॅकवर तेवढंही नाही, त्याच वर्षी मॅकच्या कॅटालिना आवृत्तीने ३२-बिट बंदच केलं. जानेवारी २०२४च्या वाइन ९.०मध्ये या लायब्रऱ्यांशिवाय ३२-बिट प्रोग्रॅम चालवायची सोय आली. ती वाइनच्याच मंडळींनी खपून केलीय, त्याचा लेखात उल्लेख तरी हवा होता!