टाइमटेबलची फीत कापता येत नाही ना!

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार, आधीच सांगते. शेजारच्या शहरातून घरी यायला ट्रेनला तास पण लागत नाही आणि आज मला जवळजवळ अडीच तास लागले. ट्रेन लेट किती होती? आठ मिनिटं. बास. जिना उतरून बाहेर येते तर बस समोरून वळण घेऊन चाललेली, मागचे लाल दिवे दिसले आणि विषय संपला. पुढची बस तासाभराने.

सोबत एक काका होते, हातात एक्सरेचं मोठं पाकीट, तिकडच्या डॉक्टरांना दाखवून परत निघालेले. स्टॉपवर बाक एकच आणि त्याची एक फळी गायब, म्हणून काका पाकीट मांडीवर धरून कडेला तिरके बसलेले. मी चौकशीच्या खिडकीवर गेले तर आतला माणूस म्हणतो, "बसचं आमच्याकडे नाही मॅडम, ते डिपार्टमेंट वेगळं." बसवाल्यांना फोन लावला तर, "आमची गाडी टायमात सुटली." दोघंही खरंच बोलत होते हो, हाच तर वैताग आहे! कागदावर कुणाचंच काही चुकलं नाही आणि काका रस्त्यावर.

आणि नेतेमंडळी बोलणार कशावर, तर स्पीडवर. ताशी इतके किलोमीटर, नवे डबे, चकाचक स्टेशन. अहो, ट्रेनमधे वाचवलेली वीस मिनिटं जर बाहेर बसची वाट बघण्यातच जाणार असतील तर करायचंय काय त्या स्पीडला? पण नव्या गाडीला हिरवा झेंडा दाखवता येतो, फोटो निघतो. टाइमटेबल नीट बसवलं तर फोटो कसला काढणार!

स्वित्झर्लंडने १९८२ मधे देशभर ठरावीक अंतराने गाड्या सोडायला सुरुवात केली. म्हणजे नऊ सतराची गाडी असेल तर पुढची दहा सतराला, मग अकरा सतराला, टाइमटेबल बघायलाच नको. नंतर १९८७ मधे लोकांनी मतदान करून पुढची मोठी योजना मंजूर केली आणि तिच्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे गाडी जमेल तितकी फास्ट नाही, लागेल तितकीच फास्ट. बर्न ते झुरिक तासाच्या जरा आत आणायचं, कारण तसं झालं की तास भरायच्या आधी चारी दिशांच्या गाड्या स्टेशनात येतात, लोक एकीतून उतरून दुसरीत चढतात आणि तास झाला की सगळ्या सुटतात. २००४ मधे ते जमवलं त्यांनी. गावागावात जाणारी पिवळी पोस्टबससुद्धा ट्रेनच्या वेळा बघून सुटते. जर्मनीत कार्ल्सरूहला तर १९९२ पासून शहरातली ट्रामच रेल्वेच्या रुळांवर चढते आणि शेजारच्या गावाला जाते, उतरायची भानगडच नाही.

हो, माहितीये, स्वित्झर्लंड छोटा देश, श्रीमंत देश. मान्य. पण बस सात मिनिटं थांबवायला कुठला बोगदा खणावा लागतो?

काकांनी शेवटी मुलाला फोन केला, तो गाडी घेऊन आला. चांगला मुलगा, मलाही कोपऱ्यापर्यंत सोडलं. गाडीत काका म्हणाले, "पुढच्या वेळी सरळ तुझ्याबरोबरच जाऊ रे, कशाला ही कटकट." झालं! गेला एक प्रवासी. असेच अजून गेले की एक दिवस बोर्ड लागेल, प्रतिसादाअभावी फेरी बंद.

आता जरा शांत झाल्यावर वाटतंय, त्या ड्रायव्हरवर राग काढण्यात अर्थ नाही. उशिरा पोचला तर जाब त्यालाच विचारणार. आणि बस थांबवली की पुढच्या स्टॉपवरचे खोळंबतात, हेही आहेच. पण पाच-सात मिनिटं खोळंबणं वेगळं आणि तासभर तिरकं बसणं वेगळं. ट्रेन लेट आहे हे ड्रायव्हरला कळवायची सोय करा आणि थांबायची परवानगी वरून लेखी द्या, म्हणजे तोही थांबेल बिचारा. एका तिकिटाचं तर बोलतच नाही, ऑस्ट्रियात २०२१ पासून एका पासवर देशभर ट्रेन, बस, ट्राम सगळं चालतं, इथे ट्रेनचं तिकीट बसवाल्याला दाखवलं तर तो माझ्याकडे बघत बसतो.

दोन्ही ऑफिसांना एकच मेल टाकलाय, दोघांचे पत्ते एकत्र, म्हणजे "ते आमच्याकडे नाही" म्हणायची सोय नको. मागणी एकच, संध्याकाळच्या ट्रेनसाठी बस सात मिनिटं थांबवा. कुणाला पाठवायचा असेल तर सांगा, मजकूर देते, फक्त ट्रेनची वेळ आपापली घाला.