राजीनामा दिलेले संचालक आणि बाऊन्स झालेले चेक: खुलासा

‘कंपनीचा चेक बाऊन्स झाला की राजीनामा दिलेल्या संचालकालाही तुरुंग अटळ,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 (चेक वगैरेंचा कायदा) याचे कलम 141 म्हणते, गुन्हा घडला त्या वेळी जो कारभार सांभाळत होता, तो जबाबदार. नुसते संचालकपद पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्येच स्पष्ट केले. चेक दिला जाण्याआधी राजीनामा दिलेल्या संचालकावरचा खटला त्याच न्यायालयाने 2011 मध्ये रद्द केला. कंपनी निबंधकाकडची नोंद तिथे निर्णायक ठरली. म्हणून डीआयआर-12 (संचालक बदलल्याचे निबंधकाला कळवणारा कंपनीचा फॉर्म) भरला गेला का, हे स्वतः तपासाच. मात्र चेकवर सही तुमचीच असेल, तर नंतरच्या राजीनाम्याने आपोआप सुटका होत नाही. समन्स आले तर वकिलाला गाठा, गैरहजर राहू नका. लोक विनाकारण धास्तावलेत. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.