ग्रीस ट्रॅप न उघडता साफ कसा ठेवावा

हॉटेल काढलंत, अभिनंदन! भटारखान्यात मोरीखाली तो ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातली चरबी अडवणारा स्टीलचा डबा, बसवलाच आहे, तर त्याची निगा कशी राखायची तेही ऐका. मी तुमच्या मागच्याच बिल्डिंगीत तळमजल्यावर राहतो, त्यामुळे अनुभव दांडगा आहे.

झाकणावर कांद्याची दोन पोती ठेवा. झाकण दिसलंच नाही की उघडायचा प्रश्न मिटला.

जाळी काढून टाका, भात अडकतो.

तळणीचं जळकं तेल मोरीतच ओता. बायोडिझेलवाले ते विकत नेतात खरे, पण दिवसाला 50 लिटरच्या वर तेल लागत असेल तर त्याची नोंद ठेवावी लागते. नसता व्याप.

वास आला की उकळतं पाणी सोडा. ट्रॅपचं काम पाणी जरा थांबवून निववायचं. मग तेल वर तरंगतं, खरकटं तळाशी बसतं, मधलं पाणी पुढे जातं. उकळतं ओतलंत की साठलेली चरबी वितळून सुखरूप तुमच्या हद्दीबाहेर! पुढे ती कुठे गोठते ते आम्ही बघतो. गेल्या रविवारी सकाळी बघितलं. आमच्या न्हाणीघरात उलटं पाणी, वर लाल तवंग. आई म्हणाली, "काल पनीर बरंच खपलेलं दिसतंय." पार्किंगमधलं चेंबर उचकटलं तर आत घमेलंभर पिवळट वडी, तिच्यात रुतलेला चमचा आणि दोन अख्खी तमालपत्रं. प्लंबरच्या कामट्या मोडल्या. जोराच्या पाण्यानं गटार मोकळं करणारी जेटिंगची गाडी आणली, पैसे सोसायटीचे. 2017 साली लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये गटारात 130 टनांची, 250 मीटर लांब वडी सापडली होती. तुम्ही मनावर घ्या, आपली गल्ली मागे राहणार नाही.

रजिस्टर मात्र चोख हवं. तक्रार घेऊन आलो तेव्हा मॅनेजरनं तेच माझ्या नाकासमोर धरलं. रोज रात्री 11 वाजता "साफ केले", एकच पेन, एकच सही. 31 जूनलाही साफ केलंय!

अहो शेठ, कुणाला बनवताय? किती बोटं चरबी निघाली, कुणी उपसली, कोण घेऊन गेलं, एक तरी रकाना आहे का त्यात? पाव भाग भरला की उपसायचा असतो तो, आणि तुमचा काठोकाठ होता. हाताला कॅरीबॅग गुंडाळून त्यात खांद्यापर्यंत हात घालणारा तुमचा भांडीवाला पोरगा मी बघितलाय. हातमोज्यांचे पैसे नाहीत? गल्ल्यामागे देवाला रोज ताजा हार चढतो तो! जाळी बसवा, ताटं पुसून मग मोरीत घाला. पुढच्या वेळी चेंबरात तमालपत्र दिसलं, तर घमेलं तुमच्या गल्ल्यावर आणून ठेवीन, बडीशेपेच्या वाटीला खेटून.