घाटवाटकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : वाळवंट सपाट आहे म्हणून सोपं नाही

नमस्कार घाटवाटकर,

वाळवंटी तळांवरच्या मालवाहू उड्डाणांबद्दलच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "वाळवंट सपाट, आभाळ मोकळं. तिथे विमान उतरवण्यात कसलं आलंय कसब? लेहला जाणाऱ्यांनी कधी असलं रडगाणं गायलं नाही." पुढे सी-१३०जे हे नवं मालवाहू विमान आल्यावर जुन्या एएन-३२ मालवाहू विमानाच्या गोष्टी जुन्या झाल्या, लेख लांबलाय, फोटो धूसर आहेत, असंही लिहिलंय.

मतभेदाला माझी ना नाही. पण ‘रडगाणं’ मला लागलं. मे महिन्यात राजस्थानातल्या जैसलमेर, उत्तरलाई, फलोदीच्या तळांवर तापलेल्या विमानाखाली आडवे होऊन काम करणाऱ्या तंत्रज्ञांवर तो लेख होता. त्यात तक्रारीचं एक वाक्य दाखवा. माझी उमेदीची सगळी वर्षं हवाई दलाच्या ट्रान्सपोर्ट स्क्वाड्रनमध्ये (मालवाहू विमानांच्या तुकडीत) गेली, लेहही केलं आणि वाळवंटही. तेव्हा दोन्हींची तुलना मला ऐकवण्याआधी जरा विचार करायला हवा होता.

एक गोष्ट मान्य. लेहची धावपट्टी साडेदहा हजार फुटांच्या वर आहे, चहूबाजूंनी डोंगर आहेत. एक इंजिन गेलं तर वाळवंटात निदान समोर कडा नसतो. तेवढं तुमचं बरोबर.

आता ‘सपाट’. जैसलमेरची उंची हजार फुटांच्या आत आहे, आपण आठशे धरू. मेमध्ये तापमान ४५ अंश. त्यात उन्हाळी कमी दाबाचं क्षेत्र नेमकं त्याच भागावर बसलेलं असतं, म्हणून दाब प्रमाण १०१३ ऐवजी ९९८ मिलिबार धरू. नुसत्या दाबानेच हिशोबाच्या उंचीत चारशेहून जास्त फूट वाढले. त्या उंचीचं प्रमाण तापमान साडेबारा अंश, म्हणजे हवा साडेबत्तीस अंशांनी जास्त गरम. दर जास्तीच्या अंशाला साधारण १२० फूट उंची वाढते. करा बेरीज. डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणावरून विमानाला जाणवणारी उंची, पाच हजार फुटांच्या पुढे जाते. विमानाच्या लेखी तो तळ महाबळेश्वरपेक्षा उंच असतो.

याचा परिणाम काय होतो? हवा विरळ, त्यामुळे टर्बाइनचं तापमान मर्यादेला लवकर टेकतं आणि हवी तेवढी ताकद मिळत नाही. टेक-ऑफची धाव लांबते. उतरताना काट्यावर वेग नेहमीचाच दिसतो, पण जमिनीवरचा वेग सुमारे ८ टक्के जास्त असतो. वेगाचा वर्ग होतो, म्हणून ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा १६ टक्क्यांनी वाढते, आणि ते ब्रेक थंड व्हायचे असतात ४५ अंशांच्या हवेत. म्हणून विमान थांबलं की आधी चाकांना चॉक्स (अडवणारे ठोकळे) लावायचे आणि पार्किंग ब्रेक सोडायचा. तापलेले ब्रेक आवळून ठेवले तर सगळी उष्णता चाकात आणि टायरमध्ये उतरते. त्या वेळी टायरचा दाब वाढलेला दिसतो (दर तीन अंशांना साधारण एक टक्का), म्हणून नवखा माणूस टायरमध्ये भरलेला नायट्रोजन सोडायला जातो. सोडायचा नसतो. पहाटे थंडीत तोच टायर कमी दाबाचा निघतो आणि भरल्या विमानाखाली त्याच्या कडा दबून फाटतात. दाब मोजायचा तो टायर थंड असताना, सावलीत.

‘आभाळ मोकळं’ म्हणता? मे-जूनमधली आंधी ओसरल्यावरही बारीक धूळ दिवसभर हवेत टांगलेली राहते. दोन हजार फुटांवरून सरळ खाली पाहिलं तर धावपट्टी स्वच्छ दिसते, कारण मध्ये फक्त सहाशे मीटर धूळ असते. तीच पट्टी तीन अंशांच्या उतारावर, तीन नॉटिकल मैलांवरून शोधायची झाली तर साडेपाच किलोमीटर धुळीतून बघावं लागतं. डोक्यावर आल्यावर दिसणारी पट्टी फायनलला (उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) गायब होते ती अशी. शिवाय पट्टीभोवती झाड नाही, घर नाही, सगळी एकरंगी वाळू. फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी विमानाचं नाक उचलणं, कुठे सुरू करायचा हे डोळ्यांना कळत नाही. जमिनीपासूनची उंची दाखवणाऱ्या रेडिओ अल्टिमीटरचे आकडे कुणीतरी मोठ्याने वाचत राहावे लागतात. सपाटपणाच इथे घात करतो.

आणि वाळू. लँडिंग गिअरच्या ऑलिओचा (चाकांवरच्या धक्के शोषणाऱ्या खांबाचा) जो चकचकीत दांडा बाहेर दिसतो, त्यावर तेलाचा पातळ थर असतो आणि त्यावर धूळ बसते. विमानाचं वजन पडून दांडा आत गेला की ती धूळ सीलवर घासते, सील कापलं जातं, आणि दोन दिवसांनी तो खांब (स्ट्रट) गळून विमान एका अंगाला कललेलं दिसतं. उपाय एवढाच : उड्डाणाआधी हायड्रॉलिक तेलाने ओलावलेल्या स्वच्छ फडक्याने दांडा पुसायचा. कोरडं फडकं वापरायचं नाही, ते धूळ रगडतं. बिजागऱ्यांना ग्रीस लावलं की जास्तीचं लगेच पुसून काढायचं, नाहीतर वाळू मिसळून त्याची घासणारी लुगदी होते. हे काम रोज, प्रत्येक विमानावर, कुणीतरी गुडघ्यावर बसून करतं. त्या माणसाच्या कामाला तुम्ही रडगाणं म्हणालात.

सी-१३०जे उत्तमच विमान आहे. ९ सप्टेंबर २०२१ ला बाडमेरजवळ सट्टा-गांधव महामार्गावरच्या पट्टीवर ते उतरलं, हे मलाही ठाऊक आहे. त्यालाही ऑलिओ आहेत, टायर आहेत, आणि त्याचेही पंखे तीच हवा कापतात. लेखाच्या लांबीबद्दल आणि फोटोंबद्दल मला काही म्हणायचं नाही.

वरच्या हिशोबातला एखादा आकडा चुकीचा वाटत असेल तर आकड्यानिशी लिहा, मी नीट उत्तर देईन. नुसता टोमणा असेल तर ती प्रतिक्रिया इथे राहणार नाही.